उतरताना हसायचं

व्यायामशाळेत जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या बापाला तिथं 'सर' म्हणायचं आणि घरी 'बाबा', हा नियम मुलगी सहा वर्षांची असतानाच ठरला होता. व्यायामशाळेत चुकून 'बाबा' निघून गेलं, की बाकीच्या मुली खिदळायच्या आणि तिला एक फेरी जास्तीची पडायची. घरी 'सर' निघालं, तर आई म्हणायची, "घ्या, आता जेवायलाही शिट्टी वाजवा."

तिला सगळे खार म्हणत. आत्यानं ठेवलेलं नाव. पोरगी धड चालायच्या आधीच पडद्याला लोंबकळली होती. पुढे ती पायांपेक्षा हातांवरच जास्त चालली. दात घासतानासुद्धा पाय भिंतीला लावून उलटी.

सरांचा दुसरा नियम हसण्याचा. उडी कितीही फसो, पाय मुरगळो, उतरल्यावर दोन्ही हात वर आणि तोंडावर हसू. "दुखणं आपलं, हसू बघणाऱ्यांचं," असं ते सगळ्याच मुलींना सांगत. खारीच्या ते असं अंगवळणी पडलं, की पहिलं बक्षीस तिला उडीपेक्षा हसण्यानंच मिळालं, असं आत्या चिडवायची.

चौदाव्या वर्षी तिचं उजवं मनगट दुखू लागलं. बापानं हयगय केली नाही, दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी अंगठ्यानं मनगट चाचपलं, करंगळीच्या बाजूला जोरानं दाबलं. "दुखतं का?" खारीनं पाठ ताठ केली आणि छान हसली. एक्सरेत काही नव्हतं. थोडी विश्रांती, मनगटाला पट्टा, आणि खार परत सरावाच्या गादीवर.

वर्ष सरलं. एका संध्याकाळी तिच्या हातून पाण्याचा साधा पेला निसटला. आत्या म्हणाली, "अगं, फुटला तर फुटला, दात कशाला दाखवतेस?" मग आत्यानं तिचा चेहरा नीट पाहिला. पोरगी घामानं डबडबली होती.

नव्या तपासणीत मनगटाच्या आतली कूर्चेची गादी फाटलेली दिसली आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, "मनगटाला दोन-तीन बारीक छिद्रं पाडायची. पेनातल्या कांडीएवढी नळी आत घालायची, तिच्या टोकाला कॅमेरा. सांध्यात फट पडावी म्हणून बोटांना जाळीच्या टोप्या घालून हात वर टांगतो."

"टांगून घ्यायची सवय आहे तिला," बाप म्हणाला. सगळे हसले. एवढ्याशा छिद्रांतून काय मोठं निघणार, असंच प्रत्येकाला वाटत होतं. पुढच्या महिन्यात राज्याच्या संघाची निवड होती. ती हुकली तरी त्यापुढची कुठे पळून जात होती?

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी आधी टोपी काढली आणि बाकावर शेजारी बसल्या.

"फाटलेली गादी शिवली. पण हाडाच्या टोकावरचं मऊ आवरण पार झिजलंय, ते परत येत नाही. लिहील, पोहेल, सगळं करील. तळहातावर अंगाचा भार मात्र पुन्हा कधीच नको."

"मी तर लगेच आणलं होतं हो."

"आणलं होतंत. मीच दाबून पाहिलं होतं." त्यांनी हातातल्या टोपीची घडी घातली. "ती हसली होती."

ते हसू कुणी शिकवलं, हे या बाईंना कुठून ठाऊक असणार?

खार जागी झाली, तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता. आई पाणी आणायला गेली होती. भुलीनं जड झालेल्या जिभेनं तिनं विचारलं, "सर, हातांवर कधी उभं राहायचं?"

बापानं तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"सर?"

"बाबा म्हण," तो म्हणाला.

इथं, परक्या खोलीत, सर तिला बाबा म्हणायला सांगत होते. खार हुशार होती. ती काय ते समजली. मग ओठ हळूहळू फाकले, ओळीनं दात दिसले, आणि डोळे भरून कानांवर ओघळू लागले तरी ते हसू काही केल्या मिटेना.

"नको गं, बाळा. हसू नकोस."

पण डावा हात सवयीनं वर निघालाच होता. बाबांनी तो अर्ध्यावर धरला आणि खाली आणला.