विहीणबाईंसाठी शुद्ध मराठी

कुंभकोणमच्या भागीरथीबाईंना इटलीतल्या कोमो तळ्याची भीती नव्हती. विमानाची नव्हती, थंडीची नव्हती, काट्याचमच्यानं जेवायचीही नव्हती. भीती होती ती पुण्याच्या विहीणबाईंची, आणि त्यातही विहीणबाईंच्या मराठीची. आता बोला!

त्याचं असं झालं. त्यांचा एकुलता एक कार्तिक झुरिकला नोकरीला. त्यानं मार्चमध्ये पुण्याच्या नित्याशी तिथल्याच एका कचेरीत दोन सह्या करून लग्न उरकलं आणि आईबापांना फोटो धाडला. फोटोत हार नाहीत, अक्षता नाहीत, नवरानवरी आपली आइस्क्रीम खात उभी. भागीरथीबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग मोठ्यांचा रुसवा काढायला पोरांनी बेत आखला. सप्टेंबरात दोन्ही घरच्यांनी कोमोच्या काठी एका बंगल्यात आठ दिवस राहायचं. व्याह्या-विहिणींची पहिली भेट तिथंच. सगळं कसं एलिगंट!

हा एलिगंट शब्द कार्तिकच्या तोंडात असा बसला होता की फोनवर दर दोन वाक्यांनी तो यायचाच. कपडे फिक्या रंगाचे आणि लिननचे, ते एलिगंट. केसांत वीतभर मोगरा, तो नव्हे. स्टीलच्या डब्यातली इडलीची पूड नव्हे, पितळेचा कॉफी फिल्टर तर नव्हेच नव्हे. भागीरथीबाई सगळ्याला हो म्हणाल्या. त्यांचे यजमान राजगोपालराव दातांचे डॉक्टर. त्यांनी पापनाशमच्या शिंप्याकडून बदामी रंगाची लिननची विजार शिवून घेतली. बसलं की तिला शंभर सुरकुत्या पडत, म्हणून महिनाभर हा माणूस घरात उभ्यानं पेपर वाचत होता. व्हिसासाठी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नवसही बोलून झाला होता. देव बिचारा, त्याला कोमो कुठं हेही ठाऊक नसेल.

आता मराठीचं. राव मंडळींचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी राजाच्या मागून तंजावरला उतरले ते उतरलेच. उंबऱ्याच्या आत मराठी, उंबरा ओलांडला की तामिळ, हा तेव्हापासूनचा शिरस्ता. भागीरथीबाईंनी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं ते तामिळमध्ये. भाजी घेतली, भांडल्या, देवळात प्रदक्षिणा घातल्या, सगळं तामिळमध्ये. मराठी बोलायला धाकटी बहीण सुब्बलक्ष्मी होती, तीही चार वर्षांमागं गेली. उरला नवरा. पण नवऱ्याशी बोलून बोलून माणूस किती बोलणार? दिवसभर लोकांना ‘आ करा’ म्हणायचं आणि घरी येऊन स्वतः तोंड मिटून बसायचं, ही त्यांची रीत.

म्हणून विहीण मराठी आहे कळल्यावर भागीरथीबाईंना कोण आनंद झाला होता. हक्कानं मराठी बोलायला जन्मात पहिल्यांदा घराबाहेरचं कुणीतरी मिळणार होतं. पण मागोमाग धास्ती आली. मागं एकदा स्वामीमलैच्या देवळाच्या पायऱ्यांवर त्या नवऱ्याला काहीतरी सांगत होत्या, तर मागून येणारं पुण्याचं एक जोडपं थबकलं. “ऐकलंस का?” बाई म्हणाली, “अगदी बखरीतून उठून आल्यासारखे बोलतायत!” आणि दोघं मनमुराद हसली. वाईट नव्हती हो ती माणसं. पण ते हसू भागीरथीबाईंच्या पायात काट्यासारखं मोडून बसलं.

तेव्हा त्यांनी अभ्यास आरंभला. दोन महिने रोज मराठी बातम्या आणि मराठी मालिका. वहीच्या एका बाजूला घरचा शब्द, दुसऱ्या बाजूला पुण्याचा. बहुत म्हणजे खूप. अवसर म्हणजे घाई. कल्याण म्हणजे लग्न. पुण्याचा शब्द पाठ झाला की घरच्यावर तांबड्या पेनानं काट.

राजगोपालरावांनी एकदा वहीत डोकावून पाहिलं. “तीनशें वर्षें सांभाळली भाषा, ती दोन महिन्यांत मोडींत काढलीस की गे!”

“उगे बसा! हसें व्हायचें तें माझें होईल, तुमचें नव्हे.”

“मी कसा बसूं?” ते म्हणाले. “विजार चुरगळेल.”

रविवारी सकाळी सगळ्यांचा मिळून व्हिडिओ कॉल ठरला. कुणाला कुठली खोली, जेवणात काय, हे पक्कं करायचं होतं. आदल्या दिवशी कार्तिकचा निरोप आला: सगळे इंग्रजीतच बोलू या, सोयीचं पडतं. भागीरथीबाईंना वाटलं, पोराला सासरच्यांसमोर जरा रुबाब करायचा असेल, करू दे. आपण खोल्यांचं बोलणं आटोपलं की हळूच एक वाक्य टाकायचं: “विहीणबाई, प्रवासाची तयारी कुठवर आली?” हे वाक्य त्यांनी चाळीस वेळा तरी घोकलं असेल, ‘ळ’ जपून, ‘च’ सांभाळून.

पडद्यावर तीन चौकटी उघडल्या. एकीत कार्तिक नि नित्या, एकीत हे दोघं, तिसरीत पुण्याचे व्याही आणि विहीणबाई. विहीणबाई गोऱ्या, चष्मेवाल्या, फिकी निळी साडी नेसलेल्या, म्हणजे यादीबरहुकूम. त्या इंग्रजी बोलत होत्या ते घट्ट चपला घालून चालल्यासारखं. हवा छान असेल. हो, छानच असेल. तुम्हाला तळ्याकडची खोली हवी का? नको नको, तुम्हीच घ्या. असं पंधरा मिनिटं चाललं. भागीरथीबाईंनी ओठ ओले केले. वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं.

तेवढ्यात विहीणबाई शेजारी वळल्या आणि आपल्या नवऱ्याला मोकळ्या गळ्यानं म्हणाल्या, “अहो, चेहऱ्यानं किती छान आहे हो ही बाई! पण आठ दिवस इंग्रजीत गप्पा म्हणजे माझी जीभ लुळी पडायची. राव आडनाव ऐकून मला केवढी आशा होती. विचारलंही मी जावयांना, मराठी तर नव्हेत ना तुम्ही? तर म्हणाले, छे छे, आमच्या घरात मराठीचा गंधसुद्धा नाही.”

दोन महिन्यांच्या अभ्यासाचं चीज झालं. भागीरथीबाईंना शब्दन् शब्द कळला.

कार्तिकच्या चौकटीत नित्यानं चमकून नवऱ्याकडं पाहिलं. कार्तिक घाईघाईनं बंगल्यातल्या नाश्त्याविषयी इंग्रजीत काहीतरी बोलू लागला. भागीरथीबाईंना कानशिलं तापल्यासारखी वाटली. रागाच्या भरात चाळीस वेळा घोकलेलं ते गुळगुळीत वाक्य कुठल्या कुठं पळालं. तोंडून आली ती त्यांच्या आईची, आजीची भाषा, खालच्या पट्टीत, सावकाश.

“पोरा, अम्मेची लाज तुज केधवापासोन वाटूं लागली?”

राजगोपालराव त्या विजारीसकट खुर्चीवर बसले.

“अगबाई!” विहीणबाईंनी चष्मा सावरला. “ही तर मराठी! केधवा म्हणजे काय हो, जावईबापू?”

कार्तिकनं मान खाली घातली. “कधी,” तो मराठीत म्हणाला. “केधवा म्हणजे कधी.”

“बाकीचं कळलं आम्हाला,” विहीणबाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत.

भागीरथीबाईंना वाटलं, आता हा माफी मागेल. मागायलाच हवी, आणि आपण लगेच काही द्यायची नाही. पण कार्तिकनं वर पाहिलं आणि तो तामिळमध्ये बोलू लागला, पुणेकरांना कळू नये म्हणून.

“शाळेच्या फाटकापाशी मी तुला मराठीत हाक मारली की तू चिमटा काढायचीस. आतल्या बाजूला, दंडाला, कुणाला दिसू नये असा. बाहेर नको, लोक विचारतात, कुठले तुम्ही म्हणून. सहा वर्षांचा होतो मी, अम्मा. तेव्हापासून.”

चिमटा भागीरथीबाईंना आठवत होता. एक नव्हे, कित्येक. पोराचा तो मऊ दंड, आणि दुखलं तरी न रडता लगेच तामिळमध्ये “अम्मा, वा”, म्हणजे ये, असं म्हणणारं ते शहाणं बाळ. किती गुणी मुलगा, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं. चार बायकांत सांगितलंही होतं.

“काय म्हणाले हो जावई?” विहीणबाईंनी विचारलं, आता सरळ भागीरथीबाईंनाच, मराठीत. “आम्हाला तामिळ ओ की ठो कळत नाही.”

हवं ते सांगता आलं असतं. तिकडे संध्याकाळी गारठा असतो, शाली आणा म्हणतो, एवढं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पडद्यावर कार्तिक आईकडं बघत होता. तोही तेवढीच वाट पाहत असावा.

“म्हणतो,” भागीरथीबाई म्हणाल्या, “कीं हें त्याला अम्मेनेंच शिकविलें. खरें बोलतो तो.”