दारापासून अकरा पावलं

मित्रांनो, माझ्या लोखंडी पोटात एके काळी वाइन भरलेली असायची. आता तिथे पावसाचं पाणी साचतं आणि त्यात बेडूक राहतात. मी मिदी कालव्यावरची एक जुनी मालवाहू नाव आहे. गेली सहा वर्षं मी एका खुंट्याला बांधलेली आहे आणि मला सोडवायला कुणी येत नाही.

माझा जन्म तुलूझचा. माझा मालक फुल्क्रां. द्राक्षमळ्यांतली वाइन आम्ही बंदरावर पोहोचवायचो. पुढे वाइन ट्रकने जाऊ लागली, तेव्हा त्याने माझ्यात खाटा टाकल्या आणि प्रवासी हिंडवले. तेही मला आवडायचं. मुलं माझ्या टपावर बसून द्राक्षं खायची.

नावांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे कालव्यावरचे दरवाजे दुपारी जेवणासाठी तासभर बंद राहतात. कितीही घाई असो, बारा वाजले की थांबायचं. आम्ही मात्र नेमके बाराला ओदेतच्या दरवाजापाशीच पोहोचायचो. ओदेत तिथली राखणदार. तिच्या अंगणात कालव्याला लागून मोठा चिनार होता, आणि फुल्क्रां माझा दोर त्याच्याच बुंध्याला बांधायचा.

"खुंटा काय शोभेला ठोकलाय?" ओदेत पाव कापता कापता म्हणायची. "झाडाला कशाला फास लावतोस?"

"खुंटा तुझ्या दारापासून लांब पडतो गं. माझे गुडघे दुखतात."

"गिळायला बसताना बरे नाही दुखत," असं म्हणून ती त्याच्यापुढे ताटली सरकवायची.

मग चिनारांवर रोग आला. दोरांवरून तो या झाडाचा त्या झाडाला लागतो, म्हणून झाडाला नाव बांधू नका अशा पाट्या लागल्या. फुल्क्रांने पाटी वाचली आणि "इतक्या वर्षांत काही झालं नाही" म्हणत दोर बांधलाच. आदल्या दिवशी तोच दोर आम्ही खालच्या वळणावर एका वाळक्या झाडाला बांधला होता.

पुढच्या जूनमध्ये ओदेतचा चिनार एका बाजूने वाळला. कालव्याच्या खात्याचे साहेब आले. बुंध्यावरचा दोराचा वण पाहून त्यांनी विचारलं, "इथं नाव कोण बांधतं?"

"कुणी नाही," ओदेत म्हणाली. फुल्क्रां माझ्या टपावरच उभा होता.

झाड तोडलं आणि जागेवरच जाळलं. त्याच संध्याकाळी फुल्क्रांने मला खुंट्याला बांधलं आणि ओदेतकडे न बघता तो निघून गेला. बेझिएला लेकीकडे राहतो म्हणे. मला त्याचा राग येत नाही. लाज मलाही वाटते, दोर माझाच होता.

ओदेत रोज बाराला टोपी घालून उन्हातून येते आणि माझ्या टपावर बसून एकटीच जेवते. ताटल्या मात्र दोन आणते. काल ती माझ्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "झाड गेलं ते गेलं. हा येडा कशाला गेला?"

मित्रांनो, कालव्यावर आलात तर दोर खुंट्यालाच बांधा, झाडाला नको. आणि बेझिएला फुल्क्रां नावाचा म्हातारा भेटला तर त्याला सांगा, खुंटा दारापासून लांब नाही. अकरा पावलं आहेत. ओदेत ती रोज चालते, आणि गुडघे तिचेही दुखतात.