सहा आवाज

"आ," मी म्हणाले. हेतलने स्टीलच्या वाटीत चिंचोका टाकला.

ती माझ्याकडे पाठ करून बसते, मी हाताच्या अंतरावर. आ, ऊ, ई, म, श, स. आवाज आला की एक चिंचोका वाटीत. सुरतच्या कानांच्या दवाखान्यातल्या बाईंनी हे शिकवलं, तेव्हापासून आमची एकही सकाळ याच्याशिवाय गेलेली नाही. सहाही आवाज आले तर दोन्ही कानांची मशीन चालू आहेत आणि पाच वर्षांची माझी मुलगी आज जगात आहे. एक जरी राहिला तरी नळी बघायची, सेल बघायचा, कानात बसणाऱ्या साच्यात मळ अडकलाय का बघायचं.

"श" ला चिंचोका पडला तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"चार वाजता पाव्हना येतीन. ते मशीन काढी ठेव आजना दिन. घरना दोष दखाडाना शे का तुले?"

माझ्या नणंदेला, कामिनीला, बघायला सारंगखेड्याकडचे लोक येणार होते. मी "स" म्हणाले. चिंचोका पडला.

दोष हा शब्द या घरात हेतल दीड वर्षाची असताना आला. सुरतेहून रिपोर्ट घेऊन आलो, तेव्हा सासरे चुनीलाल, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, ओट्यावर बसले होते. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तेहतीस वर्षं काढलेला माणूस. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा लिहायचा, गाडी उतरली की आकडा लिहायचा. त्यांनी रिपोर्ट उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "आमना घरमा कोनी बहिरं नही. हाई तुमनाकडनं शे." माझ्या नवऱ्याने, मिथुनने, तेव्हाही मोबाईलमध्ये बघितलं होतं. अवघड प्रसंगी त्याला नेहमी काहीतरी महत्त्वाचं येतं मोबाईलवर.

मी एम. एस्सी. आहे, केमिस्ट्री. पण या घरात माझं शिक्षण लोणच्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावण्यापुरतं. मशीनचं मात्र मी कुणाला काही करू देत नाही. दुपारी हेतल झोपली की मशीन उतरवायची, सुक्या फडक्याने पुसायची, सेलचं दार उघडं ठेवायचं, नळीत रबरी फुग्याने हवा मारून ओल काढायची आणि दमटपणा शोषणाऱ्या मण्यांच्या डबीत ठेवायची. नव्या सेलवरची नारिंगी चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची, मग बसवायचा. नवा सेल बसवला की कॅलेंडरवर खूण. दहा-बारा दिवस चालतो.

तीन आठवड्यांपासून उजव्या मशीनचा सेल पाचव्या-सहाव्या दिवशीच संपत होता. आणि साच्याला वास यायचा, लसणाचा. एकदा तर नळीत तेलाचा थेंब दिसला.

लसूण जाळून केलेलं तेल कानात घातलं की कान उघडतात, हे आमच्याकडे अगदी शिकलेलेही सांगतात. मी सरळ सासूबाईंना विचारलं, की माझ्या माघारी पोरीच्या कानात तेल कोण घालतं. त्यांनी कामिनीची शपथ घेतली. मला शपथ पटली नाही. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर तो आठवडा बरा गेला.

आबांवर माझा संशयच नव्हता. संशय घेण्याइतकी जागा त्या माणसाने माझ्या मनात कधी व्यापली नाही. काहीही सांगा, "हां, हां." दूधवाल्याने भाव वाढवला, हां हां. शेजारच्या दगूबाईचा नवरा गेल्याचं सांगायला माणूस आला, हां हां, आणि वर हसले. इतर हसले की हसायचं, इतर उठले की उठायचं. गावाला ते मोठे गंभीर वाटायचे. मला ते रिकाम्या काट्यासारखे वाटायचे, ज्यावर कुठलीच गाडी चढत नाही आणि तरी माणूस रुबाबात शेजारी बसलेला.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता हेतलला उठवलं आणि डबी उघडली. एकच मशीन होतं, डावं.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पोहे भिजवत होत्या. मी हात पुढे केला आणि म्हणाले, मशीन द्या. त्यांनी पुन्हा कामिनीची शपथ घेतली. कामिनी साडीच्या निऱ्या धरून तिथेच उभी होती. स्वतःच्या नावाच्या शपथा ऐकून कंटाळलेला चेहरा होता तिचा.

मग मला शिट्टी ऐकू आली.

मशीन कानात नीट बसलं नाही की बारीक, सलग शिट्टी वाजते. ती शिट्टी मी झोपेतही ओळखेन. मागच्या खळ्यातून येत होती, ठिबकच्या नळ्या ठेवतो त्या खोलीतून. दार ढकललं. नळ्यांच्या वेटोळ्यावर आबा बसले होते. दाढी केलेली, पांढरा शर्ट इस्त्रीचा, आणि माझ्या मुलीच्या कानाचा एवढासा साचा त्यांनी बोटाने स्वतःच्या कानात दाबून धरलेला. मशीन किंचाळत होतं. घरभर ऐकू जात होतं. त्यांना जात नव्हतं.

कानाच्या पाळीवर तेल चकाकत होतं. लसणाचा वास खोलीभर.

मला बघून ते उठले नाहीत. म्हणाले, "हाई मशीन आजना दिन ऱ्हाऊ दे मन्हा जोडे. पाव्हना काय इचारतीन ते माले ऐकाले येवाले जोयजे. मन्ही पोरनं काम शे." मग थोडं थांबून, "कोनले सांगू नको, माय."

म्हातारपणी कान जाणं वेगळं आणि जन्मतः नसणं वेगळं, हे सुरतच्या बाईंनी मला समजावलेलं होतं. त्या क्षणी मला ते आठवायचं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ज्या माणसाने माझ्या माहेरावर शिक्का मारला, तो तीन आठवडे रोज दुपारी झोपलेल्या नातीचा कान चोरत होता. आणि आज तिला उरलेल्या अर्ध्या आवाजात मागच्या खोलीत बसवून स्वतः बैठकीत मिरवणार होता.

मी तळहात पुढे केला. बराच वेळ तसाच ठेवला. त्यांनी मशीन त्यावर ठेवलं.

साचा कोमट पाण्याने धुतला, फुगा मारला, वाळवला, सेल बदलला. हेतलच्या दोन वेण्या घातल्या आणि मुद्दाम वर बांधल्या. गुलाबी साचे लख्ख दिसले पाहिजेत. चार वाजता पाहुणे आले, तेव्हा मी पाण्याच्या तांब्याबरोबर तिलाही घेऊनच बैठकीत गेले. सासूबाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी आनंदाने घेतलं.

मुलाचे वडील हेमकांतभाऊ भले गृहस्थ होते, हळू बोलणारे. नेमकं तेच वाईट झालं. त्यांनी आबांना विचारलं, "रिटायर व्हयनात त्याले किती वरीस व्हयनात?"

"हां, हां," आबा म्हणाले.

"नही, किती वरीस?"

"हां." आणि हसले.

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. मिथुनने मोबाईल काढला. कामिनी पोह्यांचा ट्रे धरून तशीच उभी राहिली. मला वाटलं होतं मला हे बघून बरं वाटेल. वाटलंही, थोडा वेळ.

हेतल माझ्या हातातून सुटली. आबांसमोर जाऊन उभी राहिली, त्यांची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. मी तिच्याशी जशी बोलते तशी बोलली, एकेक शब्द, ओठ उघडे, शाळेतल्या मराठीत. "आबा, ते विचारतात, किती वर्षं झाली?"

आबांनी तिच्या ओठांकडे बघितलं. "सहा," ते तिला म्हणाले.

हेमकांतभाऊंनी पुढचा प्रश्न विचारला, शेतातली केळी टिश्यू कल्चरच्या रोपांची आहे का. तो हेतलने पोचवला. त्यानंतरचा, कामिनीच्या कॉलेजचा, तोही. चौथा प्रश्न येण्याआधी आबांनी हात वर केला आणि साऱ्या बैठकीला म्हणाले, "माले ऐकाले येत नही. हाई पोर सांगस मंग समजस."

खरं बोलले. तेही, दुसरा मार्ग उरला नव्हता म्हणून.

पाहुण्यांनी पोहे संपवले, कळवतो म्हणाले. आज बारावा दिवस आहे, कळवलेलं नाही. सासूबाईंच्या मते ते मी वर बांधलेल्या हेतलच्या वेण्यांमुळे. आबांनी मशीन घेतलं होतं हे त्यांनी घरात सांगितलेलं नाही, मीही नाही. तेलाच्या आरोपाबद्दल मी सासूबाईंची माफी मागायला हवी. मागितलेली नाही. सुरतच्या बाईंची वेळ मात्र मी घेतली आहे, पुढच्या सोमवारची, दोन नावांनी. मिथुन म्हणाला, आबा येणार नाहीत. मी म्हणाले, तुझं मत विचारलेलं नाही.

आज सकाळी हेतल पाट मांडून माझ्याकडे पाठ करून बसली. आबा चहा संपवून उठले, स्वयंपाकघरातून एक वाटी घेऊन आले, तिच्या ढिगातले सहा चिंचोके मोजून घेतले आणि तिच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसले. मला काही विचारलं नाही.

"आ," मी म्हणाले. दोन चिंचोके पडले.

"ऊ." दोन. "ई." दोन, आबांचा जरा उशिरा. "म." दोन.

"श."

हेतलचा पडला. आबांचा हात वाटीवर थांबला. मान किंचित कलती केली असती तर तिचा हात दिसला असता, आणि इतकी वर्षं ते तेच करत आले, इतरांकडे बघून. त्यांनी मान वळवली नाही. भिंतीकडे बघत राहिले.

मी पुन्हा "श" म्हणाले. मोठ्याने नाही, तेवढ्याच आवाजात.

मूठ वाटीवर तशीच होती, मिटलेली.