कडवट जेलीला पाच तारे

देवबागला भाईंच्या होमस्टेमध्ये पुण्याच्या एका कुटुंबाने जिवाणू वाढवायचं माध्यम जेली समजून खाल्लं आणि वर पाच तारे दिले.

भाईंना विचाराल तर असं काहीही घडलेलं नाही. साधा रविवार होता.

भाईंची मुलगी दिव्या मालवणात पाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत कामाला. तिथला फ्रिज बंद पडला, म्हणून तिने मॅकॉन्की आगरच्या ताज्या, गुलाबीसर बश्या घरच्या फ्रिजमध्ये आणून ठेवल्या. सोमवारी देवबागच्या विहिरी तपासायच्या होत्या. विहिरीचा चांगला अहवाल मिळाला नाही, तर पर्यटन कंपनी दिवाळीचं सगळं बुकिंग भाईंकडून काढून घेणार होती.

हे माध्यम म्हणजे जिवाणूंची खानावळ, फक्त दारावर माणूस बसवलेला. पित्ताचे क्षार घातलेले असल्यामुळे बहुतेक जण उंबऱ्यावरूनच परततात. आतड्यात राहून पित्ताची सवय झालेले तेवढे आत येतात. त्यांतला जो दुधातली साखर खातो तो गडद गुलाबी होतो, न खाणारा फिकाच राहतो. लपवाछपवीला वाव नाही.

दुपारी दिव्या घरी आली, तर बश्या विसळून ओट्यावर पालथ्या घातलेल्या.

"आये, ह्यां काय?"

"तुझा चायनाग्रास संपला," रुक्मिणी म्हणाली. "आदी सांगूक नको? पावणे जेवन उठतले आणि गोडाचा काय नाय. वरसून खोबरा घातलंय."

दिव्या खाली बसली. तिथे खुर्ची नव्हती, हे तिला नंतर कळलं.

"खाल्ल्यानी?"

"जरा कडू म्हणाले. मी म्हटलंय, पित्तावर बरा."

हे विज्ञानाच्या फारच जवळून गेलं.

संध्याकाळी नेटवर अभिप्राय आला: 'पारंपरिक मालवणी मिष्टान्न, किंचित कडवट, अस्सल.' लगेच दोन फोन आले, आमच्यासाठी ती जेली राखून ठेवा म्हणून.

सोमवारी फ्रिजमध्ये एकच बशी उरली होती. "घरची बाव पयली," भाई ऐटीत म्हणाले आणि विहिरीचं पाणी त्यांनी स्वतः काढून दिलं.

मंगळवारी दिव्याने प्रयोगशाळेतल्या उबवणी पेटीतून ती बशी बाहेर काढली. बशीभर गडद गुलाबी ठिपके. पुढच्या चाचण्यांनीही तेच सांगितलं. दोन दिवस ती ज्या जेलीला घाबरत होती, ती त्या जेवणातली एकमेव निर्जंतुक वस्तू होती. जेलीवर आईने सगळ्यांना विहिरीचं थंडगार पाणी दिलं होतं.

तिने पुण्याला फोन लावला. घरातले आळीपाळीने संडासात जात होते. संशय जेवणातल्या सुरमईवर होता. तिने विहिरीचं खरं ते सांगितलं. पाचातले चार तारे मावळले, उरलेला जेलीसाठी.

"बशी आदीच गुलाबी होती," भाई म्हणाले. "पाण्याचो काय दोष?"

"भाई, संडासाची टाकी आणि बाव, मधी दोनच माड आसत. खाली नुसती रेव."

"आजे ह्याच पाणी पियत इले."

"आज्यांच्या वेळेक संडास खंय होतो?"

दिव्याने अहवालावर सही केली: पिण्यास अयोग्य.

मग भाईंनी पंपाचं बटण बंद केलं, त्यावर चिकटपट्टी मारली, चष्मा चढवला आणि कचेरीतल्या मराठीत अर्ज सांगायला बसले. लिहून घ्यायला दिव्याच.

"प्रति, प्रयोगशाळा प्रमुख, मालवण. महोदय, सदर विहिरीतील जिवाणू हे स्थानिक रहिवासी असून त्यांच्याबाबत आमची कोणतीही तक्रार नाही. तरी पर्यटन हंगाम संपेपर्यंत त्यांनी गुलाबी रंग धारण करू नये, असे आदेश आपल्या स्तरावरून त्यांना देण्यात यावेत, ही नम्र विनंती."