भवानी आधी, फीत नंतर

कर्वेनगरला हिंगणे म्हणायचे तेव्हापासून आनंदीबाई तिथल्या. आणि नदीकाठच्या मैदानावर दर हिवाळ्यात भरणारी व्यापार जत्रा जितकी जुनी, तितकाच फाटकाजवळच्या कोपऱ्यातला त्यांचा कुरडया-पापडांचा गाळा जुना. पहिल्या वर्षी उद्घाटनाचे पाहुणे वेळेवर उगवलेच नाहीत. फीत ताणलेली, व्यापारी ताटकळलेले. तेवढ्यात शनिवार पेठेतली एक बाई फितीखालून वाकून आत शिरली आणि आनंदीबाईंकडून पिशवीभर कुरडया घेऊन गेली. तिच्यामागोमाग सगळेच वाकले. पाहुणे आले तोवर निम्मी जत्रा आटोपली होती. तेव्हापासून पायंडाच पडला. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, आनंदीबाईंच्या गाळ्यावर, फीत नंतर.

यंदा जत्रा नव्या कंपनीकडे गेली. तिथल्या नीरजा नावाच्या मुलीने जत्रेचा इतिहास लिहायचा म्हणून फोन केला. आनंदीबाईंनी तिचा कान तापेपर्यंत सांगितलं, आणि शेवटी बजावलं, "एक ध्यानात ठेव पोरी. भवानी झाल्याबिगर जत्रा उघडत न्हाय. फाटकाजवळचा कोपरा त्यासाठीच हाय."

"वॉव आजी, किती सुंदर!" नीरजा म्हणाली. यात सुंदर काय, ही शंका तेव्हाच यायला हवी होती.

उद्घाटनाच्या सकाळी सून उत्कर्षा आणि आनंदीबाई टेम्पोतून उतरल्या, तर त्यांच्या कोपऱ्यात अष्टभुजा देवी! वाघावर बसलेली, झेंडूच्या माळांनी मढलेली. शेजारच्या फलकावरचं उत्कर्षाने वाचून दाखवलं, "पहिल्या वर्षापासून या कोपऱ्यात भवानीची स्थापना होते. श्रीमती आनंदीबाईंनी ही परंपरा जपली." पुढचं तिला हसू आवरेना म्हणून वाचताच आलं नाही.

"आणि आपला गाळा गं?"

"जनरेटरच्या मागे, आई."

नीरजा धावत आली. "आजी! आवडली? तुम्ही सांगितली तश्शीच!"

"अगं बये, भवानी म्हंजे पहिलं गिऱ्हाईक! बोहनी! गिऱ्हाइकाच्या पावलानं लक्ष्मी येते असं बोलले न्हाय ते बरं. दोन हत्ती पण उभे केले असतेस!"

नीरजाचा चेहरा पडला. "सॉरी आजी. मी आत्ता माणसं बोलावून मूर्ती हलवते."

"हात लावू नको! बसल्या देवीला उठवत्यात व्हय?"

बोलून तर गेल्या, पण मग हिशेब लक्षात आला. कोपरा देवीचा झाला. जनरेटरमागे माशीसुद्धा फिरकायची नाही, आणि इतक्या वर्षांचा पहिलेपणाचा मान गेला तो गेलाच. वर यंदाच्या पाहुण्यांना नेमकी आजच वेळ पाळायची बुद्धी झालेली. कात्री हातात घेऊन उभेच होते.

आनंदीबाईंनी देवीकडे पाहिलं. देवीनेही पाहिलं असावं. त्यांनी पदर खोचला.

"उत्कर्षा, टोपल्या उतर. इथंच, देवीच्या पायाशी." मग नीरजाकडे वळून, "देवी सकाळपासून उपाशी बसलीय. निवद कोण दाखवणार?"

"मी आणते ना काहीतरी."

"आणायचं न्हाय. घ्यायचं. हितनं."

नीरजाच्या डोक्यात प्रकाश पडला. मग तिला हसू फुटलं. तिने पर्स उघडली, कुरडयांचा मोठा पुडा घेतला आणि देवीपुढे ठेवून हात जोडले.

"झाली भवानी!" आनंदीबाई अशा गरजल्या की पाहुण्यांच्या हातून कात्री निसटता निसटता राहिली. "कापा आता!"

फीत कापली आणि लोक आत लोटले. आधी देवीला नमस्कार, मग खाली टोपल्यांकडे नजर. पुढे पुडा ठेवलेला पाहून बायकांना वाटलं, इथली रीतच असणार. जी ती एक पुडा देवीला आणि दोन घरी घेऊ लागली.

एका पेठी गृहस्थांनी चष्मा वर केला. "अहो, कुरडयांचा नैवेद्य कुठल्या शास्त्रात सांगितलाय?"

"पापडशास्त्रात. आपण घेणार असाल तर घ्या, मागं लोक खोळंबलेत," आनंदीबाई म्हणाल्या.

त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

ऊन माथ्यावर यायच्या आत टोपल्या रिकाम्या झाल्या. उत्कर्षा पोतं झटकत होती. आनंदीबाईंनी देवीच्या पायावरचं एक झेंडूचं फूल उचलून अंबाड्यात खोचलं आणि हळूच म्हणाल्या, "पुढल्या साली पण ये गं बाई. कोपरा दोघींचा."