पोहणाऱ्या कोंबड्यांचा तलाव

मित्रांनो, मी फोटो स्टुडिओतला एक जुना पडदा आहे आणि मला माणसांची किळस येते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं ऐकायचं तर नाक दाबून ऐका.

अहेरीच्या अलीकडच्या एका गावात गुणवंतरावांनी स्टुडिओ काढला, तेव्हा माझा जन्म झाला. बैलांची शिंगं रंगवणाऱ्या सोमाजीनं माझ्यावर देखावा काढला. निळा तलाव, संगमरवरी पायऱ्या, मागं महाल आणि पाण्यात दोन हंस. आता सोमाजीनं जन्मात हंस पाहिला नव्हता. त्यानं घरच्या दोन कोंबड्या समोर बांधल्या आणि त्यांच्या माना तेवढ्या लांबवल्या. पाणी मात्र असं साधलं, की एक बगळा आत शिरला, माझ्यावर चोच मारली आणि वाकडी चोच घेऊन परत गेला. एक म्हैस तर तहानेनं दुपारभर माझ्यापुढं उभी होती. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

सारं गाव माझ्यापुढं बसून गेलं. पण काय सांगू, एकेका डोक्यावर पावशेर खोबरेल. हलू नका म्हटलं, की डोकी माझ्यावरच टेकायची. महालाच्या दारात तेलाचे डाग, पायऱ्यांवर पोरांचा शेंबूड. तरी लोक म्हणायचे, "काय पडदा हाय!" आणि मी फुगायचो.

खरी किळस आली ती गुणवंतरावांची. बौद्ध मोहल्ल्यातलं कोणी आलं, की ते मला गुंडाळायचे. "बाहेरच उभे राहा, उजेड बरा येते." अंजनाबाई आणि हरिदास लग्नानंतर फोटो काढायला आले. तिची नवी साडी, त्याचा नवा सदरा. त्यांनाही अंगणात उन्हात उभं केलं. तेलकट डोकी चालत होती, ही दोघं चालत नव्हती.

पुढं मोबाइल आले, स्टुडिओ बंद पडला. मंडपवाल्यानं मला उचललं आणि पालथा घालून सतरंजीसारखा अंथरू लागला. देखावा मातीत, वर लोकांचे पाय, सांडलेलं वरण. खर्रा खाणाऱ्यांचं तर विचारूच नका. सुपारी-तंबाखूचा तोबरा भरतात, हळूच माझा कोपरा उचलतात, खाली थुंकतात आणि कोपरा पुन्हा नीट घालतात. वरून म्हणतात, जागा साफ आहे.

अशात प्रफुल नावाच्या तरुणाला गावच्या इतिहासाचं वेड लागलं. हरिदास तोवर वारले होते, अंजनाबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या. प्रफुलनं घरोघरचे जुने फोटो जमवले. जो तो आजा तलावाच्या काठावर! ज्या म्हाताऱ्यांना खरं ठाऊक होतं, त्यांनाही महालाची गोडी लागली. त्यांनीही खरं सांगितलं नाही. गावात पोहणाऱ्या कोंबड्यांची जात होती, असंही एकानं छापून आणलं.

मग तलाव गेला कुठं? बौद्ध मोहल्ल्याच्या खोलगट जागेत पावसाळ्यात पाणी साचतं. झालं, तीच जागा ठरली. प्रफुलनं पांढऱ्या फक्कीनं तलावाची रेघ मारली. ती अंजनाबाईंच्या भिंतीला टेकली आणि घरापलीकडून पुन्हा निघाली. तलाव परत खोदायचा, त्यासाठी अंजनाबाईंनी घर मोडायचं. हे पक्कं करायला त्यांच्याच दारापुढं सभा, आणि सभेला अंथरायला मी.

प्रफुल म्हणाला, "बाई, साऱ्या गावाचे तलावावर फोटो हायेत. तुमच्या मोहल्ल्याचा एकबी नाई. म्हंजे तलाव बुजल्यावर तुमी आले."

अंजनाबाईंनी पदराखालून फोटो काढला. "हे पाहा. आमी गुणवंतरावाच्या अंगणात उभे हावोत. मागं रस्ता, अन् पलीकडं हेच घर. माह्या सासूनं दारात मिरच्या वाळू घातल्या हायेत. तलावात मिरच्या वाळतेत काय रे?"

"मंग आमच्या आजोबाच्या मागं काय हाय?"

"पडदा हाय, बाबू. कोंबड्यावाला."

लोक हसले. "दाखवा मंग तो पडदा," कोणीतरी म्हणालं. कुठून दाखवणार? मी सगळ्यांच्या बुडाखाली, तोंड मातीत.

प्रफुलच्या तोंडात खर्रा. पुढं बोलायचं तर आधी थुंकायला हवं. त्यानं सवयीनं माझा कोपरा उचलला आणि पिंक टाकली, ती थेट रंगवलेल्या कोंबडीच्या तोंडावर. कोंबडीनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं कोंबडीकडं. आणि मग त्यानं कोपरा हळूच परत घातला.

मित्रांनो, इतक्या वर्षांची सारी थुंकी एकीकडं आणि ते झाकणं एकीकडं.

पण बाईंचं लक्ष होतं. "काऊन रे बाबू, काय दिसलं तुले खाली?"

"काई नाई."

"काई नाई तं सरक तिकडं."

त्यांनी कोपरा धरून ओढला. खुर्च्या कलंडल्या, माणसं शिव्या देत उठली आणि मी उलटलो. तेल, शेंबूड, महाल, लाल पिंकेनं न्हालेली कोंबडी, सगळं उजेडात आलं. मागून एक म्हातारा पुटपुटला, "गुणवंतरावाचाच हाय." प्रफुल खाली मान घालून गेला आणि चपलेनं फक्कीची रेघ पुसू लागला.

मला वाटलं, आता लोकांना लाज वाटेल. कसलं काय! त्यांनी मला बांबूवर टांगलं आणि माझ्यापुढं मोबाइलवर फोटो काढायला गर्दी केली. कोणी अंजनाबाईंनाही हाक मारली, "या बाई, आता तुमीबी उभ्या राहा पडद्यापुढं."

"मी नाई," त्या म्हणाल्या. "काढाचा तं तिकडं काढ. मागं घर येऊ दे."

आणि त्या जाऊन आपल्या दारापुढं उभ्या राहिल्या.

मित्रांनो, घरातले जुने फोटो पाहाल तेव्हा माणसांच्या मागं काय आहे तेही पाहा. कोणाला बाहेर उभं केलं होतं ते विचारा. मला जपलं नाही तरी चालेल, माझ्यावर थुंकलात तेही एका अर्थी बरोबरच. पण अंगणात काढलेल्या त्या फोटोंना ओल लागू देऊ नका. तुमचं गाव खरं कसं होतं, ते दाखवणारे तेवढेच उरले आहेत.