लिंबापलीकडचं बोट

माझा राग म्हणजे चुलीवरचं दूध, पाठ फिरली की उतू. आई, धोंडुबाई, म्हणायची, "आकाराम, तुला नाक दिलंय का लोहाराचा भाता?" हे ऐकूनसुद्धा मला रागच यायचा.

एका उन्हाळ्यात मी मोट हाकत होतो आणि धाकटा भाऊ भाऊसो खाली उसात दारं धरून सरीसरीला पाणी वळवत होता. दुपारची वेळ, तो पेंगला आणि पाणी पाटातून फुटून भलतीकडं गेलं. झालं होतं ते एवढंच. मी आसूड घेऊन धावलो आणि त्याचा दांडा हाणला. तोंड वाचवायला त्यानं उजवा हात वर केला. करंगळी मोडली. वैदूनं बांधली, पण ती वाकडीच जुळली. हात पसरला तरी ती तेवढी उभी राहायची.

त्या दिवसापासून भाऊसोनं मला दादा म्हणणं सोडलं. मी समोर जेवत असलो तरी आईला म्हणायचा, "उद्या बैलं कोण नेणार, इचार." दोन वर्षं मला घरात 'दादा' अशी हाकच नव्हती. एवढा दांडगा गडी मी, पण त्या हाकेसाठी गोठ्यात बसून रडलोय.

शेवटी कोंडीबा वस्तादांकडं गेलो. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन आलेला हा म्हातारा येरळा नदीकाठी दांडपट्टा शिकवायचा. म्हटलं, "आवं वस्ताद, मला राग आवरायचाय."

"मग त्यो घरी ठिवू नगंस," वस्ताद म्हणाले. "रोज संगं घिऊन ये."

पट्टा काही त्यांनी दिला नाही. वेळूची काठी दिली आणि निंबाच्या फांदीला एक सुतळी टांगली. काठी जोरात फिरवायची आणि सुतळीच्या अलीकडं बोटभर थांबवायची. सुतळी हलली की पुन्हा पहिल्यापासून. "फिरवाय सगळ्यास्नी येतं गड्या. थांबीव."

पहाटे येरळेवरनं धुकं यायचं. निंब दिसायचा नाही, फांदी दिसायची नाही. नुसती सुतळी आभाळातून खाली सोडल्यासारखी. काठीचा सूं सूं आवाज आणि माझा श्वास एक होऊन जायचा. मी काठी फिरवतोय की काठी मला, कळायचं नाही. वस्ताद कुठंतरी धुक्यात खोकायचे, म्हणजे सुतळी हलली असं समजायचं. मग वाटायचं, या धुक्यापलीकडं कुठंतरी ती जुनी दुपार अजून तशीच आहे, भाऊसो अजून पेंगतोय, आणि मी अजून धावलेलो नाही.

पुढं पुढं सुतळी मला शिवारातही दिसू लागली. बैल अडला, शेजाऱ्यानं बांध कोरला, आई टोचून बोलली, की ती मधेच लोंबायची. हात तिथवर जायचा आणि थांबायचा. राग गेला नव्हता. पण तो अलीकडं राहायला शिकला होता.

जत्रेत पट्ट्यानं दुसऱ्याच्या तळहातावरचं लिंबू कापलं की शिकणं पुरं व्हायचं. त्यात वस्तादांचा रिवाज असा, की कुणाचा हात मागायचा नाही. गावातनं कुणी आपणहून पुढं केला तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी. पहिल्या वर्षी हलगी वाजून थकली, पण माझ्यासमोर कुणी हात केला नाही. माझा राग सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता.

मग पुढच्या वर्षीची, दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या चैत्रातली जत्रा. पट्टा घालून मी मैदानात उभा. ऊन डोळ्यांत पाण्यासारखं हलत होतं. हलगी थांबली. लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागले. मी मान खाली घालून परत फिरणार, तेवढ्यात समोर एक हात आला. त्याची करंगळी उभी होती.

"दुसरा हात दे," मी म्हणालो. पट्टा आडवा फिरतो, लिंबू चिरून पलीकडं जातो. आणि पलीकडं ते बोट होतं.

भाऊसो हलला नाही. वस्तादांकडं बघून म्हणाला, "मोडलेला ह्योच हाय. ह्योच घ्या."

वस्तादांनी त्या तळहातावर लिंबू ठेवलं आणि बाजूला झाले. मग कुठूनसं धुकं आलं. माणसं गेली, ऊन गेलं. लिंबू आणि बोट यांच्यामधे मला सुतळी दिसली.

पट्टा फिरला, लिंबात शिरला आणि थांबला.

लिंबाचे दोन तुकडे झालेच नाहीत. पलीकडच्या सालीला ते जुळलेलंच राहिलं. "कापलं न्हाई की ओ!" कुणीतरी हसलं. वस्ताद हसले नाहीत. त्यांनी हलगीवाल्याला खूण केली आणि हलगी कडाडली.

मी पट्टा टाकून भाऊसोचा हात धरला. उलटासुलटा करून बघत राहिलो. रस मनगटावरनं ओघळत होता, रक्त कुठंच नव्हतं. तरी मी बघतच होतो.

"बोटं मोजतोस काय रं दादा?" भाऊसो म्हणाला. "पाची हायती."

मी मोजत नव्हतो. मला काही दिसतच नव्हतं.